काडतूस आत गेलं म्हणजे बसलं असं नाही

या खेपेच्या पत्रांत जुन्या बंदुकांचाच भरणा जास्त आहे. चार पत्रं घेतो.

आजोबांची विलायती दुनळी वारसानं माझ्या परवान्यावर आली. बारा बोअर. नळ्यांच्या खाली २½ असं कोरलंय. ७० मिमीची काडतुसं सहज आत जातात, बंदूक मिटतेही. तरी एकजण म्हणतो, वापरू नका. का? (गडहिंग्लज)

तो एकजण शहाणा आहे, त्याला चहा पाजा.

गोम अशी, की काडतुसावर लिहिलेले ७० मिमी ही उडाल्यानंतरची लांबी असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड चुणीदार दुमडलेलं असतं, त्यामुळे ते साठच्या आसपास भरतं. तुमचं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिमीच्या काडतुसासाठी कापलेलं. दुमडलेलं ७० त्यात आरामात जाणारच. चाप ओढला की दुमड उलगडते आणि पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या कवचाचं, तोंड चेंबरच्या पुढे, नळी जिथं निमुळती होते तिथं जाऊन अडतं. छर्रे आणि बूच त्या आवळलेल्या तोंडातून बाहेर पडायला बघतात आणि आतला दाब वाढतो. बंदूक लगेच फुटेलच असं नाही. दहा बार निभावतात, आणि माणसाला वाटतं आपलंच बरोबर.

म्हणून मिटते की नाही हे बघू नका, चेंबर मोजून घ्या. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे त्याचं गेज असतं. पूर्वी कुणी ७० ची काडतुसं उडवली असतील आणि पुंगळ्या घरात पडल्या असतील तर त्यांची तोंडं बघा. कडा विरलेल्या, चेपलेल्या दिसल्या तर उत्तर तिथंच मिळालं.

दुसरं, नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे का? ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. अशा कित्येक नळ्यांची चाचणी फक्त काळ्या दारूवर झालेली असते. आजच्या बिनधुराच्या दारूची चाचणी झाली असेल तर तसा शिक्का असतो. शिक्का नसेल तर ती दुनळी भिंतीवर शोभते, खांद्यावर नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला ओळखीचा लेथवाला म्हणतो, चेंबर पाच मिलिमीटर पुढं कापून देतो, अर्ध्या तासाचं काम. देऊ का? (शाहूपुरी)

नको. उद्यमनगरातल्या हाताबद्दल मला शंका नाही, तिथं इंजिनाचे भाग लीलया होतात. पण बंदुकीत फेरफार करायला किंवा ती दुरुस्त करायलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. शिवाय नळीची भिंत जिथं आधीच पातळ होत जाते नेमकी तिथंच तुम्ही ती आणखी कोरणार, आणि जुनी चाचणी रद्दबातल. तुम्ही गोत्यात याल आणि तोही.

मुलगा टेक्सासला असतो. त्यानं जुनी ७×५७ (७ मिमीची गोळी, ५७ मिमीची पुंगळी) माऊजर रायफल घेतलीय आणि तिकडं कायदेशीर असल्यानं काडतुसं घरीच भरतो. काही काडतुसांना बोल्टचा, म्हणजे मागून चेंबर बंद करणाऱ्या दट्ट्याचा, दांडा खाली यायला जड जातो. तो म्हणतो, थोडा जोर लावला की बसतं. (राजारामपुरी)

आपल्याकडं काडतुसं पुन्हा भरायचा हा विषय फारसा कुणाला ठाऊक नाही, त्याला कारण आहे. नेमबाज तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत किंवा स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नाव काढलं ते .२२ च्या रायफलीवर. त्या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच असतो, ते पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही.

मुलाला पहिलं सांगा, जोर लावू नको. दांडा अडतोय म्हणजे काडतूस काहीतरी सांगतंय.

सगळ्यात वाईट कारण म्हणजे मान (पुंगळीचा गोळी धरणारा अरुंद भाग) लांब होणं. पितळी पुंगळी दर बाराला थोडी ताणली जाते. ५७ मिमीच्या पुढं गेली की तिचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकतं आणि गोळीवर आवळलं जातं. वरच्या दुनळीतलाच प्रकार, फक्त दाब कितीतरी जास्त. कॅलिपरनं प्रत्येक पुंगळी मोजायची, लांब ती कापायची. दुसरं कारण खांदा, म्हणजे पुंगळीचा मानेखालचा उतार. दुसऱ्या रायफलीत उडालेली पुंगळी पुरती दाबून मापात आणली नसेल तर खांदा अडतो. तिसरं, गोळी फार बाहेर ठेवलेली असणं. पण जुन्या माऊजर लांब, जड गोळ्यांसाठी केलेल्या, त्यांचा घसा (चेंबरपुढची जागा) ऐसपैस असतो, त्यामुळे मला ते कमी संभवतं.

नेमकं कुठं घासतंय ते शोधायला जुनी युक्ती आहे. दारू नाही, ती पेटवणारी बुडाची टोपी नाही असं नुसतं सांगाड्याचं काडतूस करायचं, त्यावर मेणबत्तीची काजळी धरायची, बोल्टमधली सुई काढून ठेवायची आणि हलक्या हातानं मिटून बघायचं. काजळी जिथं पुसली गेली तिथं दुखणं. भरलेल्या काडतुसावर हा प्रयोग कदापि नको.

आणि सैल बसणंही तितकंच वाईट, हे विसरतात. मापात आणताना खांदा जास्त मागं ढकलला तर बार होताना पुंगळी मागं ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर फाटते. उडालेल्या पुंगळीवर तिथं चकचकीत कडं दिसतंय का बघावं. टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून ओढली, आणि खाच लागली, तर ती पुंगळी भंगारात.

या सगळ्याच्या आधी रायफल खरंच ७×५७ आहे ना? कित्येक जुन्या माऊजर पुढं दुसऱ्या काडतुसासाठी कापल्या गेल्या आणि शिक्का जुनाच राहिला. उकळत्या पाण्याच्या आतच वितळणारा एक मिश्रधातू मिळतो, तो चेंबरमध्ये ओतून साचा काढतात. निवताना तो आधी आकसतो, मग तासाभरात चेंबरच्या मापाला येतो. तेव्हा मोजायचा. मी सेकंडहँड रायफलीवर कोरलेल्या अक्षरांवर कधीच विश्वास ठेवत नाही.

रानडुकरं ऊस ठेवत नाहीत. शेजाऱ्यानं त्याच्याकडची हातानं भरलेली बारा बोअरची काडतुसं डबाभर दिलीत. दोन पिवळी जरा बारीक आहेत, बाकी लाल. बसतात का बघू? (राधानगरी तालुका)

बघूही नका. शेतीराखणीच्या परवान्यावर तुम्ही बंदूक बाळगू शकता, काडतुसं भरायला निर्मितीचा वेगळा परवाना लागतो आणि तो शेजाऱ्याकडे नसणार. त्यानं त्यात कुठली दारू किती घातलीय हे त्यालाही आठवत नसेल.

ती दोन पिवळी बहुधा वीस बोअरची आहेत. वीसला पिवळा रंग देतात तो याचसाठी. वीसचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून पुढं घसरतं आणि नळीत अडकून बसतं. माणसाला वाटतं बंदूक रिकामी आहे, तो मागून बाराचं घालतो आणि चाप ओढतो. नळी फुटते तेव्हा डावा हात नेमका तिथंच असतो.

डबा जसाच्या तसा पोलीस ठाण्यात दाखवा आणि तिथं सांगतील तसं करा. जाताना शेजाऱ्याला सोबत घ्या.