कोच अजून टिकलाय कसा?

प्रश्न: अमेरिकेत ज्या विद्यापीठात शिकलो, तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ सलग तिसऱ्या मोसमात मार खातोय. चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला, जेमतेम एक यार्ड हवा असतो, तरी कोच पंट करायला, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकायला लावतो! याला काढत का नाहीत?

उत्तर: तुमचा संताप मला मनापासून पटतो. एका यार्डासाठी कच खाणारा कोच आपल्याच पोरांवरचा अविश्वास साऱ्या स्टेडियमला दाखवतो. पण मुदतीआधी काढलं, तर करारातली ठरलेली भरपाई द्यावी लागते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये कोच जिम्बो फिशरना काढलं, तेव्हा ती साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. डोळे पांढरे करणारा आकडा!

तरी आशा सोडू नका. इंडियाना विद्यापीठाच्या संघाने २०२३ मध्ये १२ पैकी ३च सामने जिंकले होते. नवे कोच कर्ट सिग्नेटी आले, आपल्या आधीच्या विद्यापीठाच्या संघातले बरेच खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून (खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणारी व्यवस्था) सोबत घेऊन आले, आणि २०२४ मध्ये ११ विजयांसह संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत पोचला.

राग मात्र खेळाडूंवर काढू नका, विशीतली पोरं आहेत ती. पत्र क्रीडा संचालकांना लिहा, आणि त्या पंटचा उल्लेख जरूर करा.