तेराबिथियाचा दोर आणि आमचा साकव

आपण विचारले आहे की, आपल्या दहा वर्षांच्या मुलाने शेजारच्या मैत्रिणीबरोबर घरामागच्या कलमांच्या बागेत एक काल्पनिक राज्य थाटले असताना त्याला 'ब्रिज टू तेराबिथिया' ही कादंबरी वाचायला द्यावी की नाही. आपल्या दोन शंका आहेत: तीत एका मुलीचा मृत्यू होतो, ही एक, आणि अशा खेळांनी मूल वास्तवापासून दूर जाते की काय, ही दुसरी. माझे मत असे की पुस्तक अवश्य द्यावे, मात्र शेवटच्या चार प्रकरणांच्या वेळी आपण त्याच्याजवळ असावे. दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण या कादंबरीचा सगळा भार तिच्यावरच आहे.

कॅथरीन पॅटरसन यांची ही कादंबरी 1977 साली प्रसिद्ध झाली आणि 1978 साली तिला बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले. तिच्यामागे एक खरे दुःख आहे. लेखिकेच्या डेव्हिड नावाच्या मुलाची आठ वर्षांची जिवलग मैत्रीण 1974 साली समुद्रकिनारी वीज पडून गेली, आणि त्या लहान मुलाच्या शोकाला काही अर्थ लावता येतो का, हे पाहताना आईने ही गोष्ट लिहिली. पुढे 2007 साली याच कादंबरीवर चित्रपट निघाला, तेव्हा त्याच्या पटकथालेखकांत तो डेव्हिडही होता.

कथा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका खेड्यात घडते, पण जेस ॲरन्सचे घर कोकणातल्या वाचकाला परके वाटू नये. चार बहिणींमध्ये हा एकटा मुलगा, गोठ्यातली गाय पिळण्याचे काम त्याच्याकडे, आणि वडील कामासाठी रोज दूरच्या वॉशिंग्टनला जाऊन रात्री थकून परतणारे. आमच्याकडची चाकरमान्यांची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या घरातला अबोला ओळखू येईल. जेसला चित्रे काढण्याचा नाद आहे आणि वडिलांना तो पसंत नाही, त्यामुळे तो लपूनछपून काढतो. पाचवीच्या वर्गात सर्वांत वेगाने धावणारा मुलगा व्हायचे म्हणून तो उन्हाळाभर पहाटे उठून कुरणात धावण्याचा सराव करतो, आणि शाळेच्या पहिल्याच दिवसांत शेजारी नव्याने राहायला आलेली लेस्ली बर्क ही मुलगी त्याला सहज मागे टाकते. तिचे आईवडील लेखक आहेत, घरात पुस्तकांचे ढीग आहेत आणि दूरदर्शन संच नाही. वर्गात ती जितकी उपरी, तितकाच जेस स्वतःच्या घरात उपरा आहे. एका ओढ्यावर झाडाला बांधलेल्या दोराला लोंबकळून, झोका घेऊन ही दोघे पलीकडच्या रानात जातात आणि तिथे तेराबिथिया नावाचे राज्य वसवतात.

या राज्यात प्रत्यक्ष काय आहे, हे मुद्दाम पाहावे. मोडक्या फळ्यांचा एक आडोसा आहे, थोडी शिधासामग्री आहे, आणि पाईन वृक्षांची एक दाट, काळोखी राई आहे, जिच्यात राजाराणीनेही फक्त अतिशय दुःखाच्या किंवा अतिशय आनंदाच्या वेळीच जायचे, असा नियम लेस्ली घालून देते. (आमच्या देवराईत सुकी काटकीदेखील उचलायची नाही, हा नियम ज्याने बालपणी पाळला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.) याहून अधिक असे तिथे काही नाही. चित्रपटात राक्षस आणि चित्रविचित्र प्राणी डोळ्यांना दिसतात, पुस्तकात ते मुलांच्या बोलण्यातच असतात. म्हणून चित्रपट नंतर दाखवावा, आधी नव्हे.

मी वेंगुर्ल्याकडचा. लहानपणी देवळातल्या जत्रेला रात्रभर दशावतार पाहत आम्ही बसत असू, आणि आता मागे वळून पाहताना तेराबिथियाची रीत मला तिथूनच कळली, असे वाटते. रंगमंचावर एकुलते एक बाकडे असते. राजा त्याच्यावर बसला की दरबार होतो, उठून त्याच्याभोवती एक फेरी मारली की अरण्य होते, आणि प्रेक्षकांतला एकही माणूस 'हे कसे?' असे विचारत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक ठाऊक असते, बोलणे तिथल्या तिथे सुचावे लागते, आणि एका नटाने टाकलेला शब्द दुसऱ्याने झेलला नाही, तर कितीही गुणी नट असला तरी प्रसंग कोसळतो. जेसकडे चित्रे होती आणि लेस्लीकडे गोष्टी होत्या. एकेकट्याची कल्पनाशक्ती दोघांकडे आधीपासूनच होती. राज्य मात्र झाले ते एकाचा शब्द दुसऱ्याने झेलल्यावर. आरंभी जेसला ते जमत नाही, लेस्लीसारखे राजेशाही बोलणे त्याच्या तोंडी बसत नाही, आणि तो लाजतो. ती त्याला वाचायला पुस्तके देते आणि थांबते. तिचे हे थांबणे मला तिच्या धावण्याहून मोठे वाटते.

आमच्या वाडीत पोस्टमास्तरांची मुलगी दोन वर्षे होती. आम्ही दोघांनी एका पडक्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, सुपारीच्या विरीच्या (झावळीच्या रुंद देठाच्या) तलवारी करून राज्य चालवले होते, आणि ते ज्या व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, होते, त्याच्यावर माडाचे दोन ओंडके टाकलेला साकव होता. तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. त्यानंतर मी एकदा एकटाच त्या मांगरात गेलो. विरी होत्या, भिंतीवर कोळशाने काढलेला आमचा नकाशाही होता. मी मोठ्याने काहीतरी आज्ञा दिली, आणि माझाच आवाज ऐकून मला इतका संकोच झाला की मी धावत घरी आलो. लेस्लीच्या मृत्यूनंतर जेस ओढ्यापलीकडे एकटा जातो, ते पान वाचताना मला तो संकोच आठवतो.

आता आपली शंका. हे राज्य पळवाट आहे काय? कादंबरीतले दोन प्रसंग पाहावेत. वर्गात शिक्षिका लेस्लीचा समुद्राच्या तळाशी पोहण्याविषयीचा निबंध वाचून दाखवतात, आणि पाण्याला घाबरणाऱ्या जेसला ऐकता ऐकता गुदमरल्यासारखे होते. शब्दांनी तो खरोखर पाण्याखाली गेला आहे. दुसरा प्रसंग जॅनिस एव्हरीचा. ही दांडगट मुलगी लहानांना छळते, जेसच्या धाकट्या बहिणीचा, मे बेलचा, खाऊ हिसकावते, आणि जेस व लेस्ली खोटे प्रेमपत्र लिहून तिची फजिती करतात. पुढे तीच जॅनिस शाळेच्या स्वच्छतागृहात रडताना आढळते, तेव्हा जेस लेस्लीला आत जायला भाग पाडतो. लेस्लीला तिथे कळते की जॅनिसचे वडील तिला मारतात, आणि जिवाभावाच्या मैत्रिणींना सांगितलेली ती गोष्ट त्यांनी शाळाभर केली आहे. ज्या मुलांना झाडाझुडपांत राज्य दिसते, त्यांनाच शत्रूच्या घरातली रात्रही दिसू शकते. निदान लेखिकेने तरी कल्पनेला हेच काम दिले आहे. आपला मुलगा खेळातून परत आल्यावर माणसांशी कसा वागतो, एवढे पाहिले तरी पुरे.

मृत्यूचा भाग मात्र खरोखर अवघड आहे, आणि तो केवळ मृत्यूमुळे अवघड नाही. पाऊस थांबता थांबत नाही, ओढा तुडुंब भरतो, आणि जेसला त्या दोराची भीती वाटू लागते. ती तो लेस्लीला सांगू शकत नाही. अशातच एका सकाळी त्याच्या आवडत्या संगीतशिक्षिका मिस एडमंड्स त्याला वॉशिंग्टनचे कलादालन पाहायला नेतात. लेस्लीलाही न्यावे का, हे विचारणे त्याला सुचत नाही, आणि नंतर सुचते तेव्हा ती बरोबर नसल्याचा त्याला चोरटा आनंदच होतो. त्याच दिवशी लेस्ली एकटी ओढ्यावर जाते, दोर तुटतो आणि ती मरते. त्या चोरट्या आनंदाचा हिशेब तो पुढे कसा मांडत राहतो, हे लेखिकेने इतक्या प्रामाणिकपणे लिहिले आहे की मोठ्या माणसालाही पुस्तक क्षणभर मिटावेसे वाटते. तो रागावतो, बहिणीवर हात उगारतो, लेस्लीने नाताळात दिलेले रंग ओढ्यात फेकून देतो. अमेरिकेत काही पालकांनी शाळांतून आणि ग्रंथालयांतून हे पुस्तक काढून टाकण्याची मागणी केली, त्यामागे हा मृत्यू होता, आणि मुलांच्या तोंडची भाषाही होती. मला ती मागणी पटत नाही. पावसाळ्यात व्हाळाला लोंढा आला की काय होते, हे कोकणातल्या मुलाला पुस्तकाआधीच ठाऊक असते. मित्राला बोलावले नाही म्हणून मनाला काय बोचते, हे मात्र त्याला कोणीच सांगितलेले नसते.

आणि मग पूल. शीर्षकातला पूल शेवटच्या, तेराव्या प्रकरणापर्यंत अस्तित्वातच नसतो, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. तोवर दोरच असतो. दोराने ज्याला झोका घेता येतो तोच जाऊ शकतो. मे बेलसारखी लहान, भित्री मुलगी ओढ्याकाठीच राहते. ती भावाच्या मागोमाग आडव्या पडलेल्या झाडावरून पलीकडे जाऊ पाहते आणि मधेच घाबरून अडकते. जेस तिला सोडवतो. नंतर लेस्लीच्या घरच्यांनी मागे ठेवलेल्या फळ्या घेऊन तो ओढ्यावर पूल बांधतो, मे बेलच्या केसांत फुले माळतो आणि तिला नवी राणी म्हणून पलीकडे नेतो. शब्द झेलणारे कोणी उरले नव्हते. त्याने एक नवे माणूस तयार केले, आणि त्यासाठी आधी हातात हातोडा घेतला.

आमच्याकडे साकव दर वर्षी नव्याने बांधावा लागत असे. गेल्या पावसात एखादा ओंडका वाहून गेलेला असे, उरलेला कुजलेला असे. मिरगाच्या आत वाडीतली माणसे जमून माडाचे किंवा पोफळीचे नवे खोड टाकत आणि म्हाताऱ्यांसाठी, पोरांसाठी एका बाजूला बांबू बांधत. आता त्या जागी सिमेंटचा पूल झाला आहे, त्यालाही लोक साकवच म्हणतात. जेसच्या फळ्यांचा पूल वाचताना मला तो बाजूचा बांबू दिसतो. पोस्टमास्तरांची मुलगी गेल्यावर माझ्या धाकट्या भावाने मांगरात येण्याचा हट्ट धरला होता, आणि मी त्याला 'तुला काय कळतंय' म्हणून साकवावरूनच परत पाठवले होते.

वाचनाविषयी एक व्यावहारिक सूचना. दहाव्या प्रकरणाचे नाव 'परिपूर्ण दिवस' असे आहे, आणि जेस घरी परततो तेव्हा त्याची बहीण एका वाक्यात ती बातमी सांगते, तिथेच ते संपते. रात्री झोपताना वाचत असाल, तर कृपा करून तिथे दिवा मालवू नका. दहावे प्रकरण सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करावे, आणि उरलेली तिन्ही त्याच बैठकीत संपवावीत.