पोटरीचं कंपन की पावलांचा ठेका?

प्रश्न : ट्रेडमिलवर धावताना पोटरीच्या स्नायूचं कंपन मोजण्यासाठी एडीएक्सएल 345 हा त्वरण मोजणारा सेन्सर रबरी पट्ट्याने पोटरीवर बांधला, आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर मिनिटभराची नोंद घेतली आणि तिचा एफएफटी (नोंदीत कोणती वारंवारता किती आहे ते दाखवणारं गणित) काढला. 1.4, 2.8, 4.2 हर्ट्‌झला सुळके आले. हीच पोटरीची नैसर्गिक वारंवारता का? शिवाय आलेख 2 जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) वर जातच नाही.
– फिजिओथेरपीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही, ते तुमच्या पावलांचे सुळके आहेत. मिनिटाला 168 पावलं पडत असतील तर एका पायाची 84, म्हणजे सेकंदाला 1.4. अख्ख्या मिनिटाचा एफएफटी काढला की हा ठेका आणि त्याच्या पटी वर येणारच. टाच टेकल्यावर पोटरी थरथरते ती जेमतेम शे-दीडशे मिलिसेकंद, आणि ती साधारण 10 ते 50 हर्ट्‌झच्या पट्ट्यात शोधायची.

2 जीचं कोडं सोपं आहे. हा सेन्सर सुरू होताच ±2 जी आणि सेकंदाला 100 नोंदी यावर असतो. ±16 जी आणि 800 नोंदी करा. त्यासाठी आयटूसीचा (सेन्सर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या तारांवरच्या संवादाचा) वेग 400 किलोहर्ट्‌झ हवा. तो वेग 100 किलोहर्ट्‌झ असेल तर सेकंदाला 200 नोंदींच्या पुढे जाता येत नाही. सेन्सरच्या फिफोत (नोंदी तात्पुरत्या ठेवणाऱ्या छोट्या स्मृतीत) 32 नोंदी मावतात, म्हणजे 800 च्या वेगाने तो 40 मिलिसेकंदांत भरतो. नोंदी साठवणारं एसडी कार्ड त्याहून जास्त वेळ अडलं तर नोंदी गळतात आणि वारंवारता चुकीची निघते. नोंदींना वेळेचा शिक्का मारा, गळती लगेच दिसेल.

रबरी पट्टा मात्र काढाच. सैल असला तर सेन्सर स्वतःच डुलतो, आवळला तर स्नायू दबतो. जागेचे केस काढून, त्वचा स्पिरिटने पुसून, सेन्सर दुहेरी चिकटपट्टीने पोटरीच्या फुगीर भागावर लावा आणि वरून लवचिक टेप. बॅटरी आणि बोर्ड कमरेला. पोटरीवर जेवढे कमी ग्रॅम तेवढं बरं. वायर सेन्सरजवळ थोडी सैल ठेवून त्वचेला चिकटवा, नाहीतर तिचेच हेलकावे मोजाल. नडगीच्या हाडावर दुसरा सेन्सर असला तर टाच टेकल्याचा क्षण नेमका सापडतो.

आता हिशेब. आधी पूर्ण नोंदीवर 8 ते 10 हर्ट्‌झचा हाय-पास फिल्टर (त्याखालची मंद हालचाल गाळणारा) लावा, मग प्रत्येक पावलाचे 200 मिलिसेकंदांचे तुकडे कापा. उलट केलंत तर तुकड्यांच्या कडा बिघडतात. फिल्टर पुढे-मागे दोन्हीकडून फिरवला तर टाच टेकण्याआधीही थोडी खोटी थरथर उमटते. तिला स्नायूची पूर्वतयारी समजू नका. 200 मिलिसेकंदांच्या तुकड्यात 5 हर्ट्‌झपेक्षा बारीक फरक कळत नाही. तुकड्याच्या शेवटी शून्यं जोडून आलेख गुळगुळीत होतो, पण माहिती वाढत नाही, म्हणून ‘पोटरी 23.7 हर्ट्‌झ’ असं लिहू नये. वेळेनुसार वारंवारता कशी बदलते हे हवं असेल तर वेव्हलेट ही गणिती पद्धत वापरा.

सरासरी प्रत्येक पावलाच्या स्पेक्ट्रमची (वारंवारतांच्या आलेखाची) काढा, मूळ लाटांची नको. 25 हर्ट्‌झला अर्धं आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. टाच टेकण्याची वेळ तेवढी मागेपुढे झाली की लाटा एकमेकींना खोडतात आणि कंपनच नाही असं वाटतं.

धावण्याआधी एक चाचणी करा. बसून पोटरी सैल सोडा, सेन्सरच्या शेजारी बोटाने टिचकी मारा आणि लाट कशी विरते ते पाहा. एकाच बाजूची लागोपाठची दोन शिखरं 3 आणि 1 असतील तर त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग 1.1, म्हणजे अवमंदन गुणोत्तर (कंपन किती लवकर विरतं त्याचं माप) सुमारे 0.17. मऊ ऊती कंपन भराभर शोषतात, त्यामुळे मोजण्याजोगी दोन-तीनच शिखरं मिळतात. सेन्सर पुन्हा लावून ही टिचकी तीनदा करा. आकडे दर वेळी वेगळे आले तर दोष स्नायूचा नाही, चिकटवण्याचा.

प्रश्न : कॉम्प्रेशन स्लीव्ह (पोटरीवर घट्ट बसणारी लवचिक बाही) घातल्यावर कंपन निम्मं झालं. फायदा सिद्ध झाला ना?
– मॅरेथॉनची तयारी करणारी वाचक, ठाणे

उत्तर : स्लीव्ह स्नायूबरोबर सेन्सरलाही दाबते, म्हणून त्या निम्म्यातलं किती कशामुळे ते वेगळं काढावं लागेल. वरची टिचकी स्लीव्हसह आणि स्लीव्हशिवाय करून पाहा. नंतर धावण्याचा वेग, बूट आणि ट्रेडमिल तेच ठेवून क्रम आलटून-पालटून चार-पाच फेऱ्या घ्या, कारण थकव्यानेही कंपन बदलतं. कॅलगरी विद्यापीठाच्या बेनो निग यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार टाच टेकण्याआधीच स्नायू आपला ताण जुळवून घेतात आणि कंपन आवरतात. स्लीव्हमुळे त्यांचं ते काम कमी झालं का, हे ईएमजीशिवाय (स्नायूंच्या विद्युत संकेतांच्या मोजणीशिवाय) कळणार नाही. आणि कंपन कमी म्हणजे दुखापत कमी, हे तर या मोजणीतून निघतच नाही.