डिझेल 10 टक्क्यांनी महागलं तर किराणाही 10 टक्क्यांनी महागतो का?

नाही. हिशेब साखळीने करावा लागतो. समजा ट्रकभाड्यात डिझेलचा वाटा 40 टक्के आहे. डिझेल 10 टक्क्यांनी वाढलं की भाडं साधारण 4 टक्क्यांनी वाढतं. आता वस्तूच्या किमतीत भाड्याचा वाटा बघा. साबणाच्या वडीत तो 5 टक्के असेल तर किंमत वाढायला हवी जेमतेम 0.2 टक्के, बटाट्यात 25 टक्के असेल तर 1 टक्का. म्हणजे जड, स्वस्त आणि लांबून येणाऱ्या मालाला फटका जास्त. ट्रक परतताना रिकामा येत असेल तर त्या फेरीचं डिझेलही याच मालावर चढतं.

पण गोष्ट वाहतुकीवर थांबत नाही. युरिया बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनतो, प्लास्टिकची पिशवी आणि बाटली तेल-वायूपासून. दूध आणि गोठवलेल्या मालाला थंड ठेवायलाही इंधन लागतंच. हे परिणाम उशिरा दिसतात: भाजी काही दिवसांत महागते, पण खताची दरवाढ दुकानात पोचायला अख्खा हंगाम जातो.

म्हणून दुकानदार ‘डिझेल वाढलं’ म्हणत हलक्या, महाग वस्तूवर 10 टक्के लावत असेल, तर कारण दुसरं आहे. आणि इंधन उतरलं तरी भाव तितक्या लवकर उतरत नाहीत, तेव्हा दोन-तीन दुकानांतले दर जरूर ताडून बघा. घरखर्चावर थेट आणि लगेच बोजा पडतो तो स्वयंपाकाच्या गॅसचा आणि रोजच्या प्रवासाचा. काटकसर आधी तिथे करा.