मसीहाचा मृत्यू: झाला, झाला नाही, की अजून व्हायचा आहे?

ऐरोलीहून आलेला प्रश्न असा आहे. ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी हा मजकूर तयार झाला आहे: 'ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघेही येशूला मसीहा मानतात. मुस्लिमांच्या मते मात्र मसीहाचा मृत्यू झाला नाही. कुराणात म्हटल्याप्रमाणे त्याच्या जागी दुसऱ्याच माणसाला सुळावर दिलं गेलं आणि मसीहाचं स्वर्गारोहण झालं.' 'मसीहाचा मृत्यू' हा शब्दप्रयोग दोन्ही धर्मांसाठी चालेल का? आणि सूळ, क्रूस, वधस्तंभ यांपैकी काय लिहावं?

शब्दप्रयोग चालेल, पण क्रियापदाचा काळ सांभाळायला हवा. ख्रिस्ती श्रद्धेत हा मृत्यू भूतकाळातला आहे, तर बहुसंख्य मुस्लिमांच्या श्रद्धेत तो भविष्यकाळातला. म्हणून 'मृत्यू झाला नाही' हे अपुरं वाक्य आहे. 'अजून झालेला नाही' म्हटलं की ते नेमकं होतं. मजकुरातली सर्वांत मोठी दुरुस्ती या एका 'अजून'ची. बाकीच्या आता ओळीने पाहू.

'मसीहा' दोघांचा, हे खरं. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ तेलाने अभिषेक केलेला. त्याचंच ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस', आणि अरबी रूप 'अल-मसीह', जे कुराणात ईसांसाठी (ईसा म्हणजे येशूच) अकरा वेळा येतं. शेवटचा 'हा' फारसी-उर्दू वळणाचा आहे. उर्दू काव्यात मसीहा म्हणजे फुंकरीने मेलेल्याला उठवणारा, रोग बरे करणारा. आपल्या वर्तमानपत्रांतला 'गरिबांचा मसीहा' या वाटेने आला, ख्रिस्ती धर्मशास्त्रातून नव्हे. तेव्हा नाव एकच असलं तरी ख्रिस्ती माणसाला त्यात 'मरून तारणारा' ऐकू येतो. मुस्लिमाच्या लेखी ती मर्यमच्या मुलाची एक सन्मानाची पदवी आहे. तारणाचा अर्थ तिला चिकटलेला नाही.

ख्रिस्ती बाजू लिहिताना मृत्यू एकटा लिहू नये. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात क्रियापदांची साखळी आहे: मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. यातली एक कडी काढली तर ख्रिस्ती श्रद्धा सांगितलीच जात नाही. हा मृत्यू अपघाताने ओढवलेला नाही, आपल्या पापांबद्दल स्वीकारलेला आहे. मराठी बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांच्या 'खंडणी'साठी देण्याची भाषा करतो. ठाण्यात पोलिसांचं खंडणीविरोधी पथक आहे, त्यामुळे आजचा वाचक इथे दचकणार. जुना अर्थ सुटकेसाठी मोजलेलं मोल एवढाच. भित्तिपत्रकात 'मुक्तिमूल्य' लिहिलंत तर कोणी अडखळणार नाही.

'तिसऱ्या दिवशी'च्या जागी 'तीन दिवसांनी' मात्र लिहू नका. शुक्रवार पहिला, शनिवार दुसरा, रविवार तिसरा. आपल्याकडे दहावा-तेरावा मोजताना मृत्यूचा दिवस धरतात, तशीच ही गणती. 'तीन दिवसांनी' म्हटलं की हिशोब सोमवारवर जातो आणि ईस्टर चुकतो.

आता मुस्लिम बाजू. भित्तिपत्रकातलं तिसरं वाक्य इथेच सर्वांत जास्त घसरलं आहे. कुराणातला मुख्य आधार चौथ्या सूरेतली (अध्यायातली) १५७ आणि १५८ ही वचनं. त्यांचा आशय असा: त्यांनी त्याला ठार केलं नाही, क्रुसावरही दिलं नाही, 'शुब्बिह लहुम', म्हणजे त्यांना तसं भासवलं गेलं, उलट अल्लाहने त्याला आपल्याकडे उचलून घेतलं. या 'शुब्बिह'ला कर्ता नाही, प्रयोग कर्मणी आहे. कोणी भासवलं, काय भासवलं, कुणाचा चेहरा कुणाला दिला, हे वचन सांगत नाही. 'दुसऱ्याच माणसाला दिलं गेलं' हे स्पष्टीकरण भाष्यकारांकडून आलेलं आहे. तबरी या इसवी सन ९२३ मध्ये वारलेल्या भाष्यकाराने त्याच्या अनेक कथा नोंदवल्या आहेत आणि त्यांच्यात एकवाक्यता नाही. कुठे एखादा शिष्य आपण होऊन पुढे होतो, कुठे पकडायला आलेल्याचंच रूप पालटतं. पुढे भाष्यकार फख्रुद्दीन राझींनी (मृत्यू १२१०) यावर आडवे प्रश्नही विचारले: एका माणसाचं रूप दुसऱ्याला मिळू लागलं तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावर विश्वास ठेवायचा? अदलाबदलीची कल्पना इस्लामच्या आधीचीही आहे. दुसऱ्या शतकातल्या बसिलिदेसच्या पंथाचं म्हणणं येशूचा क्रूस वाहणाऱ्या शिमोन कुरेनेकराला खिळलं गेलं असं होतं, अशी नोंद इरेनेयस या ख्रिस्ती लेखकाने केली आहे.

म्हणून मजकुरात 'कुराणानुसार' आणि 'भाष्यकारांच्या मते' हे दोन शब्दप्रयोग वेगवेगळे ठेवा. 'कुराणात लिहिलंय की यहूदाला चढवलं' हे वाक्य फार ऐकू येतं. कुराणात यहूदा इस्कर्योताचं, म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचं, नावच नाही.

आणखी एक सरसकट विधान टाळा: 'इस्लामनुसार पैगंबराला कोणी मारू शकत नाही'. वर दिलेल्या १५७ च्या दोनच वचनं आधी, १५५ मध्ये, पैगंबरांच्या हत्येचा दोष दिलेला आहे. पैगंबर मारले गेले आहेत, हे ईसा मात्र मारले गेले नाहीत, असा तो युक्तिवाद आहे. शिवाय एकाचं ओझं दुसरा वाहत नाही हे कुराणाचं तत्त्व (६:१६४) असल्याने सर्वांच्या पापांसाठी एकाने मरण्याची गरजच तिथे उरत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा असलेली घटना इस्लामला का लागत नाही, याचं उत्तर या तत्त्वात आहे. 'त्यांना क्रूस मान्य नाही' एवढंच लिहून थांबलात तर भित्तिपत्रक वाचणाऱ्याला ते नुसता हट्ट वाटेल.

'अजून' कशावरून? हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींनुसार, ईसा पुन्हा उतरतील, दज्जालचा (शेवटच्या काळातल्या खोट्या मसीहाचा) वध करतील, काही काळ पृथ्वीवर राहतील, मग त्यांना मृत्यू येईल आणि मुस्लिम त्यांची जनाज्याची नमाज पढतील. ख्रिस्ती लोकही पुनरागमनाची वाट पाहतात, पण त्यांच्या मते उठलेला ख्रिस्त पुन्हा मरत नाही. वाट दोघेही पाहतात, तरी परतल्यानंतरच्या घडामोडींत हा फरक राहतो.

इथे एक शब्द फार नाजूक आहे. तिसऱ्या सूरेच्या ५५ व्या वचनात अल्लाह ईसांना म्हणतो 'मुतवफ्फीक'. धातूचा अर्थ पुरतं ताब्यात घेणं. याच धातूपासून 'वफात' आला, जो ठाण्याकडच्या मुंब्र्यात किंवा राबोडीत शोकवार्तेच्या फलकावर रोज दिसतो. त्यामुळे उर्दू जाणणारा वाचक 'मी तुला मृत्यू देईन' असं सहज वाचेल. बहुसंख्य भाष्यकार इथे 'पूर्णपणे आपल्याकडे घेईन' असा अर्थ घेतात, आणि कुराणात झोपेतल्या जिवालाही हाच धातू वापरल्याचा दाखला देतात. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद (१८३५–१९०८) यांनी मात्र सरळ मृत्यू असाच अर्थ घेतला. ईसा क्रुसावरून जिवंत उतरले, पुढे काश्मीरात आले आणि तिथे वारले, श्रीनगरच्या रोजाबल इथे त्यांची कबर आहे, असं त्यांचं प्रतिपादन. मुख्य प्रवाहातले मुस्लिम ते मानत नाहीत, आणि अहमदियांना मुस्लिमही मानत नाहीत. पण अर्थावरचा वाद फक्त अहमदियांपुरता नाही. १९४२ साली कैरोच्या अल-अझर विद्यापीठाचे विद्वान महमूद शलतूत यांनीही, ईसा देहासह आकाशात जिवंत आहेत यासाठी कुराणात ठाम आधार नाही, असा फतवा दिला होता. एवढ्यासाठीच वर दोनदा 'बहुसंख्य' लिहिलं आहे. तो शब्द तुम्हीही गाळू नका.

सूळ, क्रूस, वधस्तंभ: 'सूळ' काढून टाका. सूळ म्हणजे टोकदार खांब, तो शरीरात आरपार जातो. रोमी शिक्षेत माणसाला आडव्या-उभ्या लाकडावर खिळत किंवा बांधत. हिंदी-उर्दूच्या 'सूली'मुळे मराठीत हा घोळ होतो. 'फाशी' तर त्याहून चूक. प्रोटेस्टंट मराठीत 'वधस्तंभ' रुळलेला आहे, कॅथलिकांत 'क्रूस'. ठाणे परिसरातले ईस्ट इंडियन कॅथलिक दुसरा शब्द वापरतात, तेव्हा तुमच्या वाचकांसाठी 'क्रूस' बरा. दुसरं कारण असं की 'वधस्तंभ' या शब्दात वध आधीच बसलेला आहे, आणि मुस्लिम मत सांगताना तोच तर वादाचा मुद्दा. लेखनात क्रूस दीर्घ, पण क्रुसावर, क्रुसाला ऱ्हस्व, जसं मूल आणि मुलाला.

'स्वर्गारोहण' ख्रिस्ती संदर्भात राखून ठेवा. ते मृत्यू आणि पुनरुत्थानानंतरचं आहे, ईस्टर धरून चाळिसाव्या दिवसाचं. कुराणातला 'रफा' (उचलून घेणं) बहुसंख्यांच्या मते मृत्यूविना आहे, आणि त्यात कर्ता अल्लाह आहे. 'ईसांना उचलून घेतलं' हे साधं मराठी तिथे चोख बसतं. 'सदेह' हा शब्द अर्थाने चालेल, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच देहू आणि तुकोबांचं विमान येतं. तिसरीच श्रद्धा मध्ये आणून काय साधणार?

एकेरी की आदरार्थी, हेही ठरवा. मराठी बायबलमध्ये येशू 'तो' आहे, जसा विठोबा 'तो'. ती जवळीक आहे, अनादर नव्हे. मुस्लिम लेखनात 'हजरत ईसा (अ.स.) यांना' हेच हवं; अ.स. म्हणजे 'अलैहिस्सलाम', त्यांच्यावर शांती असो. दोन्ही बाजूंना एकच सर्वनाम लावायच्या हट्टाने एक बाजू परकी वाटू लागते. 'मेला' मात्र कुठेच नको, 'मरण पावला' लिहा. गुड फ्रायडेला 'पुण्यतिथी' म्हणू नये, आणि चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर असतात तशा 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'ही नकोत. तो उपवासाचा आणि शोकाचा दिवस आहे. शुभेच्छा रविवारी, ईस्टरला.

जाता जाता, मराठीने दोन्ही समाजांच्या मृतांसाठी कैलासवासीच्या चालीवर शब्द घडवले आहेत: ख्रिस्तवासी आणि पैगंबरवासी. पहिला ख्रिस्ती श्रद्धेत बसतो, कारण तिथे ख्रिस्त जिवंत आहे आणि मृत त्याच्याकडे जातो. दुसरा घडवताना साच्याकडे पाहिलं गेलं, श्रद्धेकडे नाही. इस्लाममध्ये परतणं अल्लाहकडे असतं.

ठाण्याचा संदर्भ हवा असेल तर अस्सल आहे. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहिलेल्या वृत्तांतात काझीपुढचा वाद येतो. तो सुरू झाला ख्रिस्त देव की निव्वळ माणूस, यावरून. मृत्यूबद्दलचा मतभेद याच प्रश्नातून निघतो. भित्तिपत्रकात जागा कमी असेल तर हा प्रसंग गाळा. दोन ओळींत तो भडक होईल.

सुधारलेला मजकूर असा करता येईल:

'ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघेही येशूला (ईसांना) मसीहा मानतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तो मानवाच्या पापांसाठी क्रुसावर मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. कुराणानुसार हजरत ईसा (अ.स.) यांना ठार केलं गेलं नाही, क्रुसावरही दिलं गेलं नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं. बहुसंख्य मुस्लिमांच्या श्रद्धेनुसार त्यांचा मृत्यू अजून व्हायचा आहे. ते पुन्हा पृथ्वीवर येतील आणि त्यानंतर तो होईल.'

साल घालायचं असेल तर 'इ.स. ३० किंवा ३३' असं लिहा. अभ्यासकांत दोन्ही चालतात, आणि क्रुसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याची यहूदीयातली कारकीर्द २६ ते ३६ अशी धरतात. 'ख्रिस्तपूर्व' आणि 'इसवी सन' एकाच मजकुरात मिसळू नका. 'इ.स.पू.' आणि 'इ.स.' ही जोडी ठेवा. त्यातला 'इसवी' ईसांवरूनच आलेला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना तो परका नाही.