वाचकांचे प्रश्न: शाळा पुन्हा भरताना

या वेळी आलेली बहुतेक पत्रं कोरोनाच्या टाळेबंदीनंतर पुन्हा उघडलेल्या प्राथमिक शाळांबद्दलची आहेत. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. ही मुलं पहिलीत असताना शाळा बंद झाली होती. कोणाला वाचता येतं, कोणाला नाही, याचा अंदाजच येत नाही. लेखी चाचणी घेऊ का? पुस्तक कुठून सुरू करू?
— एक वर्गशिक्षिका

लेखी चाचणी सध्या नको. ज्याला प्रश्नच वाचता येत नाही, त्याचा कोरा पेपर तुम्हाला काहीच सांगणार नाही. एकेका मुलाला जवळ बसवून तोंडी चाचणी घ्या. प्रत्येकी पाच-सात मिनिटं पुरतात. तेवढा वेळ बाकीच्यांना चित्र काढायला द्या. रोज सात-आठ मुलं घेतलीत तर चाळीसचा वर्गही आठवड्याभरात होतो.

चार कागद तयार ठेवा: दहा सुटी अक्षरं, काना-मात्रांचे दहा सोपे शब्द, चार छोट्या वाक्यांचा उतारा आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करा. जमला तर गोष्ट द्या, अडला तर शब्द, आणि तिथेही अडला तर अक्षरं. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको. मोबाइलवर ऐकून ऐकून कित्येकांचे धडे पाठ झालेले असतात. मूल ओळीवर बोट फिरवत घडाघडा ‘वाचतं’, पण बोट एका शब्दावर आणि तोंड दुसऱ्यावर! चित्रही नको. पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं चित्रावरून ठोकून द्यायचं, ही सवय फार असते. ‘पाखरू’ लिहिलेलं असेल आणि शेजारी चित्र असेल, तर मूल ‘पक्षी’ म्हणून मोकळं होतं.

गणितात ५२ वजा २७ घालून बघा. उत्तर ३५ आलं तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढला आहे. हातचा म्हणजे काय ते त्याला कळलेलं नाही. अशी आणखी वीस उदाहरणं घालून तीच चूक वीसदा पक्की होईल. त्यापेक्षा काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा आणि सत्तावीस मागा. सात सुट्या द्यायच्या आहेत आणि हातात दोनच आहेत, हे दिसलं की मूल आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतं. हे चार-पाच वेळा झालं की मग वहीवर या.

चाचणीनंतर रोज एक तास पातळीप्रमाणे गट करा, उरलेला वेळ वर्ग एकत्रच बसू द्या. घोळ होतो तो गट कायमचे होऊन बसतात तेव्हा. दर तीन-चार आठवड्यांनी वेगळ्या मजकुरावर हीच चाचणी घ्या आणि मुलांना पुढच्या गटात हलवा. मागच्या गटाकडे सर्वात अनुभवी शिक्षक द्यावा (बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं). आमच्या मते पहिले दोन महिने अभ्यासक्रम मागे राहिला तरी चालेल. अक्षरं न ओळखणाऱ्या मुलापुढे तिसरीचा धडा उघडून ठेवला, तर फक्त पोर्शन पुढे सरकल्याची नोंद होते.

शाळा कित्येक महिने बंद होती. पाण्याची टाकी आणि वर्ग कसे स्वच्छ करावेत? वर्गांत औषध फवारून घ्यावं असं काही पालक म्हणतात.
— शाळा समितीचे एक सदस्य

आधी पाणी. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाचा गाळ काढा, भिंती ब्रशने घासा. मग टाकी भरून दर १,००० लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर वापरा. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत पाण्याशी कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी तेवढी ओता. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, नळ बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. फिल्टरकडे जाणारी तोटी तेवढा वेळ बंद हवी. हे पाणी पिण्याचं नाही, झाडांनाही घालू नका. दुसऱ्या दिवशी सगळं सोडून द्या, टाकी पुन्हा भरा आणि वास जाईपर्यंत प्रत्येक नळ वाहू द्या. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडालेला असतो, तेव्हा जुनी पावडर वापरून समाधान मानू नका.

स्वच्छतागृहात दुर्गंधी येत असेल तर आधी प्रत्येक भांड्यात आणि जाळीत बादलीभर पाणी ओता. वापर नसला की खालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकतं आणि गटाराची हवा वर येते. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र कधीही वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फवारणीवर पैसे घालवू नका. घरात किंवा खोलीत फवारणी करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२० मध्ये सांगितलं होतं. धुळीच्या थरावर औषध उडवून काही साधत नाही. साबणाच्या पाण्याने बाक, कड्या आणि नळ पुसा आणि मुलं असतील तोवर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा.

दुसरीतला मुलगा चार ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो. फळ्यावरचंही अर्धंच उतरवून आणतो. आळस म्हणावा का?
— एक पालक

आळस नसावा. बराच काळ बोटाने स्क्रीन सरकवणाऱ्या हाताला पेन्सिल धरायची सवय उरलेली नसते. एका बैठकीत पाच मिनिटंच लिहू द्या, दिवसातून तीनदा. पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले आणि कोपर टेबलावर हवं. पेन्सिल बोटभर लांबीची द्या, म्हणजे ती मुठीत धरता येत नाही. माती मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, कागद फाडून चिकटवणं यांनी बोटांत जोर येतो.

फळ्याचं अर्धं राहतं, त्याचं कारण मात्र डोळे असू शकतात. डोळे बारीक करून बघत असेल किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, तर आधी नंबर तपासून घ्या.

मुलगी पहिलीत पहिल्यांदाच शाळा बघते आहे. फाटकाशी रडते, सकाळी पोटात दुखतं म्हणते.
— एक आई

निरोप छोटा ठेवा, पण तिची नजर चुकवून निघून जाऊ नका. एकदा फसली की दुसऱ्या दिवशी ती हात सोडणारच नाही. ‘साडेबाराला येईन’ हे तिला कळत नाही. ‘डबा झाला, गोष्ट झाली, की मी फाटकाशी’ हे कळतं. सांगितल्याप्रमाणे वेळेआधी पोचा. शाळेतलं स्वच्छतागृह तिच्यासोबत जाऊन एकदा दाखवा, कडी लावून-काढून बघू द्या. कित्येक मुलं भीतीने लघवी धरून ठेवतात आणि पोटदुखीचं ते एक कारण असतं. सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल तर बहुधा धास्ती आहे. ताप असेल, रात्री दुखून जाग येत असेल किंवा वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

रात्री लवकर झोपवलं तरी मुलं जागीच राहतात आणि सकाळी उठत नाहीत.
— एक आजोबा

लवकर झोपवण्याआधी लवकर उठवायला लागा. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं आधी उठवा, झोप आपोआप मागे सरकते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद, आणि रविवारीही नेहमीपेक्षा तासाहून जास्त झोपू देऊ नका, नाहीतर सोमवारी पहिले पाढे पंचावन्न.