इंजिन गरम होतंय म्हणून पाच वर्षांचं कर्ज?

पत्र थोडक्यात असं आहे. चौदा वर्षांची जुनी पिकअप, मालवाहतुकीची, कर्ज कधीच फिटलेलं. गेले काही महिने इंजिन गरम होतंय, गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन गेलं, आता यात पैसे घालू नका." म्हणून नवीन घ्यायचं ठरतंय आणि प्रश्न एवढाच की डाउन पेमेंटसाठी विम्याच्या पॉलिसीवर लोन काढू की पर्सनल लोन घेऊ, कुठलं स्वस्त पडेल? रक्कम छापू नका असंही खाली लिहिलंय, त्यामुळे डिझेल, टायर, हमाली वगैरे जाऊन महिन्याला जे हातात पडतं त्याला मी १०० धरतो आणि बाकी सगळे आकडे त्याच मापात सांगतो.

विचारलेल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. पॉलिसीवरचं लोन पर्सनल लोनपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त असतं. झालं.

पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की तुम्ही पाच वर्षांचं कर्ज घ्यायला निघालात आणि गाडीला नेमकं काय झालंय हे अजून कोणी तपासलेलंच नाही. "इंजिन गेलं" हा निकाल कशावरून दिला? तुम्हीच लिहिलंय की त्याने बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण बघितलं, ऑइलचा रंग बघितला आणि सांगितलं. वर हेही सांगितलं की "आहे तशी घेणारा माझ्या ओळखीत आहे". म्हणजे निकाल देणारा आणि गिऱ्हाईक आणणारा एकच माणूस. तो लबाडच असेल असं नाही, पण गाडी मेलेली ठरली तर फायदा कोणाचा हे तरी बघा ना.

आता आकडे. नवीन गाडी ऑन रोड २४००. त्यातले ४०० तुम्ही भरणार, जुनी आहे तशी विकून १२० आणि उरलेले २८० पॉलिसीवर लोन काढून. बाकी २००० चं कर्ज, साधारण १२ टक्क्यांनी, पाच वर्षं, हप्ता ४५ च्या आसपास. ६० हप्ते म्हणजे २७००, त्यातले ७०० निव्वळ व्याज. नव्या गाडीचा इन्शुरन्स जास्त, तो महिन्याला ७-८ ने वाढणार. पॉलिसीच्या लोनचं व्याज २ धरा. म्हणजे आज हातात १०० येतात त्याचे उद्या ४५ राहणार, आणि घर १०० मध्येच ओढाताणीने चालतंय असं तुम्हीच म्हणताय.

यावर तुमचं म्हणणं की नवी गाडी आली की काम दीडपट होईल. कसं होईल? तुमचं काम दोन पार्ट्यांकडून येतं, दोघांचा माल ठरलेला आहे, आणि गाडी बंद राहिल्यामुळे महिन्याला तीनेक फेऱ्या बुडतात असं पत्रात आहे. तीन फेऱ्या म्हणजे २५ दिवसांच्या हिशोबाने १२. ते १२ वाचवायला ४५ चा हप्ता? गाडीचं मॉडेल बघून कोणी माल वाढवत नाही. शोरूममधला माणूस "ही गाडी स्वतःचा हप्ता स्वतः काढते" म्हणतो खरा, पण हप्ता तो भरत नाही.

तर आता त्या गाडीकडे वळू, कारण पैसे तिथे अडकलेत. माझ्याकडे मालवाहतूकवाले बरेच येतात आणि त्यांची गॅरेजची बिलं वाचून वाचून एक गोष्ट कळली, गाडी गरम होणं हा रोग नाही, ते लक्षण आहे, आणि कारण आपल्या मापात दोनचं असू शकतं किंवा दोनशेचं. कुठलं आहे हे ती कधी गरम होते त्यावरून बरंच कळतं, आणि ते तुम्ही पत्रात अगदी नीट लिहिलंय, फक्त त्याचा अर्थ कोणी लावला नाही.

तुम्ही म्हणता सिग्नलला किंवा माल उतरवताना चालू ठेवली तरी तापमानाचा काटा मध्येच असतो, पण माल भरून चढाला लागलं की दहा-पंधरा मिनिटांत लालकडे जातो, आणि रिकामी परत येताना काही नाही. उभ्या गाडीत गरम होत असेल आणि पळवताना थंड होत असेल तर संशय फॅनवर जातो, फॅनचा क्लच, मोटर, रिले असं काहीतरी. तुमचं नेमकं उलटं आहे. लोडवर गरम म्हणजे इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही किंवा पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून गंज आणि क्षाराने भरलेल्या, बाहेरून जाळीत चिखल-किडे बसलेले, फॅन बेल्ट घसरतोय, वॉटर पंपाची पाती झिजलीत, किंवा खालचा होज पाइप. या होजमधली स्प्रिंग गंजून गेली असली तर रेस वाढवली की पाइप आत पिचतो आणि पाणी अडतं, गाडी उभी असताना बघितलं तर सगळं ठीक दिसतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकाने रेस करायची आणि दुसऱ्याने बेल्ट-फॅनपासून हात लांब ठेवून तो पाइप बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आता तुमच्या पत्रातल्या मला सगळ्यात जास्त खटकलेल्या तीन ओळी. एक, आधीच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकलाय "म्हणजे पाणी मोकळं फिरेल". दोन, सीटमागे पाण्याचा कॅन असतो, दोन दिवसाला लिटरभर साधं पाणी घालता. तीन, गळती बंद करणारी बाटली तीनदा ओतली.

थर्मोस्टॅटचं आधी सांगतो. तो साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो आणि इंजिनला कामाच्या तापमानात ठेवतो. बऱ्याच इंजिनांत तोच उघडताना बायपासची वाट बंद करतो, म्हणजे पाणी रेडिएटरमधूनच जावं. तो काढला की बायपास कायमचा उघडा, गरम पाण्यातलं काही रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. म्हणजे थंड करायला केलेल्या जुगाडाने चढावर गाडी जास्त गरम होऊ शकते, आणि सकाळी ती नीट गरमच होत नाही, म्हणून डिझेल जास्त आणि झीज जास्त. पार्ट किरकोळ किमतीचा आहे हो, आधी तो परत बसवा.

साधं पाणी १०० अंशाला उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे असले तर १०७ च्या आसपास, आणि चांगल्या झाकणाने साधारण १ बारचा दाब धरला तर १२५ च्याही वर. म्हणजे ते रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नाही, त्याची स्प्रिंग सैल झाली की दाब जातो, पाणी लवकर उकळतं, बाहेर फेकलं जातं आणि तुम्हाला वाटतं गाडी पाणी खाते. साध्या पाण्याने गंज, क्षार, पंपाचं सील खराब, हे वेगळंच. आणि ती बाटली! गळतीचं भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यातला फरक त्या बाटलीतल्या मालाला कळत नाही, तो दोन्ही बुजवतो. तीन बाटल्या ओतल्यावर चढावर गाडी गरम व्हायला लागली हा योगायोग असेलही, पण माझा पहिला संशय तुंबलेल्या रेडिएटरवर आहे.

पण हेही खरं की लिटरभर पाणी जातंय आणि खाली थेंब दिसत नाही, त्यामुळे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) तपासल्याशिवाय सोडायचं नाही. त्याची परीक्षा अंदाजाने होत नाही. थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावायचा, दाब दहा-पंधरा मिनिटं टिकतो का बघायचं, गळती बाहेर असली तर ती दिसते. मग ब्लॉक टेस्ट, रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव ठेवतात, जळलेला वायू पाण्यात येत असला तर रंग बदलतो. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, थंड गाडी चालू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा कडक होणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, हे सगळं गॅस्केटकडे बोट दाखवतं. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडं पांढरं दिसलं म्हणून इंजिन जात नाही, तिथे दमटपणानेही साय धरते. तुमच्या गॅरेजवाल्याने कदाचित तेच बघितलं असेल. आणि काट्यावरही डोळे झाकून विश्वास नको, पाणी फार कमी झालं की सेन्सर वाफेत राहतो आणि काटा खाली दिसतो तेव्हाच हेड वाकत असतं.

या सगळ्या तपासणीचा खर्च तुमच्या मापात २ ते ३, तोही दुसऱ्या गॅरेजमध्ये, ज्याला गाडी विकत घ्यायची नाही अशा. मग टप्प्याटप्प्याने. तुम्हाला मिळालेल्या अंदाजांवरूनच धरतो: थर्मोस्टॅट, झाकण, दोन्ही होज, बेल्ट, फ्लशिंग आणि नीट कूलंट मिळून १२. त्यात भागलं नाही आणि रेडिएटर-वॉटर पंप बदलला तर आणखी ३०. गॅस्केट गेलेलं निघालं तर हेड उतरवणं, फेसिंग म्हणजे हेड मशीनवर सपाट करणं, नवे बोल्ट धरून ८० (फेसिंगचे पैसे वाचवू नका, वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही). आणि फुल इंजिन २२०.

आता हे बघा. चालू गाडीला २५० मिळतात, बंदला १२०. फरक १३०. म्हणजे गॅस्केटचे ८० घालून विकली तरी तुम्ही ५० ने पुढे. २२० घालून विकणं मात्र तोट्याचं. पण विकायची नसली, चेसिस गंजलेली नाही, गिअरबॉक्स ठीक आहे आणि अजून तीन वर्षं ओढणार असली तर २२० ला ३६ ने भागा, महिन्याला ६. समोर ४५ चा हप्ता. अगदी वाईटात वाईट निकाल लागला तरी तो पाच हप्त्यांत संपतो, उरलेले ५५ हप्ते तुम्ही कशासाठी भरणार? चेसिसच सडली असेल तर मात्र एक रुपयाही घालू नका, १२० घ्या आणि तीन-चार वर्षं वापरलेली गाडी शोधा, नवीन नाही.

आणि आता तुम्ही न विचारलेलं दुसरं, ज्यामुळे मुळात १२ चं काम इतकं चिघळलं. तुम्ही महिन्याला १५ पॉलिसीत भरता आणि गाडीच्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकता शून्य. ज्या गाडीवर घर चालतं तिच्या कूलंटला पैसे नव्हते म्हणून पाणी घातलं, पण हप्ता कधी चुकला नाही! वर्षाला १८०, वीस वर्षांत ३६००, शेवटी ६२०० मिळणार असं पत्रकात आहे. विकणाऱ्याने "जवळजवळ दुप्पट" सांगितलं. वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट म्हणजे साधारण ५ टक्के, आणि त्याच पॉलिसीवर त्याहून जास्त व्याजाने लोन काढून तुम्ही १२ टक्क्यांच्या कर्जाचं डाउन पेमेंट भरणार. स्वतःचेच पैसे महाग घेऊन अजून महाग कर्ज उचलायचं. बरं विम्याचं कव्हर किती, तर ३०००, म्हणजे तीस महिन्यांची कमाई. घरात चार माणसं, कमावणारे तुम्ही एकटे, आणि ड्रायव्हिंगचं काम. हा विमा पण नाही आणि गुंतवणूक पण नाही, कमिशन मात्र नीट मिळालं असेल.

रागाने उद्याच पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. सहा वर्षांत १०८० भरलेत आणि सरेंडरला ६०० च्या आसपास मिळतात, म्हणजे तोटा पक्का. आधी साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) घ्या, निदान दहा वर्षांच्या कमाईइतका, तब्येतीची माहिती खरी लिहून. तो हातात आला की ही पॉलिसी पेड-अप करता येते का ते लेखी विचारा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि कमी झालेली रक्कम मुदतीनंतर. मग १५ मधले टर्मचे २-३ जाऊन जे १२ उरतील ते वेगळ्या खात्यात, गाडीच्या नावाने, हात न लावता. वर्षाला १४४ होतात, म्हणजे गॅस्केटसारखं काम वर्षात एकदा निघालं तरी कोणाकडे हात पसरावा लागणार नाही.

तपासणी होईपर्यंत माल कमी भरा, काटा वर सरकायला लागला की एसी बंद, हीटर फुल, बाजूला घ्या आणि इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, वाफेने तोंड भाजतं. टेस्टचे निकाल आणि पेड-अपचे आकडे आले की पाठवा. तोवर कर्जाच्या फॉर्मवर सही नको, शोरूमवाला "ऑफर शनिवारपर्यंतच आहे" म्हणाला तरी.